जागतिक ख्रिस्ती मिशन अभ्यासक्रमानंतरचा सहभाग : चंद्रपूर-गडचिरोली वनप्रदेशाच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

जागतिक ख्रिस्ती मिशनविषयक अल्पमुदतीचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे 'यापुढे काय?' हा प्रश्न उभा राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांच्या संदर्भात केला आहे. अभ्यासक्रमाची वैचारिक पार्श्वभूमी, सहभागाचे प्रकार, या प्रदेशातील मिशनकार्याचा व लोकसेवेचा पूर्वानुभव आणि कायद्याची चौकट यांचा परामर्श घेऊन, अभ्यासक्रमानंतरचा खरा सहभाग म्हणजे स्थानिक लोकांचे दीर्घकालीन शिष्यत्व होय, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : मिशन अभ्यासक्रम, प्रशिक्षणोत्तर सहभाग, गडचिरोली, माडिया, ग्रामसभा, सेवा व धर्मप्रचार.

१. प्रस्तावना

कोणत्याही अभ्यासक्रमाची समाप्ती ही एका अर्थाने अडचणीची वेळ असते. वर्ग चालू असताना विषय ठरलेला असतो, शिक्षक असतो, सोबती असतात आणि दर आठवड्याला काही ना काही करावयाचे असते. प्रमाणपत्र हाती आल्यावर हा सर्व आधार एकाच वेळी सुटतो. मिशनविषयक अभ्यासक्रमाच्या बाबतीत ही अडचण अधिक तीव्र असते, कारण हा अभ्यासक्रम केवळ माहिती देत नाही, तर विद्यार्थ्याच्या जीवनाची दिशा विचारतो. अशा वेळी दोन प्रकारचे अनिष्ट परिणाम संभवतात. एक, उत्साह काही महिन्यांत ओसरतो आणि प्रमाणपत्र कपाटात पडून राहते. दोन, उत्साह टिकतो, परंतु तो पूर्वतयारीविना एखाद्या दूरच्या पाड्यावर जाऊन पोहोचतो. पहिल्या प्रकारात विद्यार्थ्याचे नुकसान होते. दुसऱ्या प्रकारात नुकसान त्या पाड्याचे होते, आणि ते अधिक गंभीर होय.

गडचिरोली जिल्हा दि. २६ ऑगस्ट १९८२ रोजी पूर्वीच्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १० लाख ७२ हजारांच्या आसपास असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण ३८ टक्क्यांहून अधिक आहे. मराठीबरोबरच गोंडी व माडिया, सिरोंचा भागात तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी, तर चामोर्शी व मुलचेरा तालुक्यांतील निर्वासित वसाहतींमध्ये बंगाली बोलली जाते. बृहद्भूगोल शिकून आलेल्या विद्यार्थ्यास हा एकच जिल्हा अनेक जगांचा समूह वाटावा, अशी ही परिस्थिती आहे. म्हणूनच अभ्यासक्रमोत्तर सहभागाचा विचार करण्यासाठी हा प्रदेश विशेष बोधप्रद ठरतो.

२. अभ्यासक्रमाची पार्श्वभूमी आणि मध्य प्रांत

या प्रकारच्या अभ्यासक्रमांत जगभर प्रसिद्ध असलेला 'पर्स्पेक्टिव्ह्ज ऑन द वर्ल्ड ख्रिश्चन मूव्हमेंट' हा अभ्यासक्रम १९७४ मध्ये अमेरिकेत राल्फ विंटर यांच्या पुढाकाराने सुरू झाला. १९७३ च्या अखेरीस अर्बाना येथे भरलेल्या विद्यार्थी संमेलनात मोठ्या संख्येने तरुणांनी मिशनकार्याची तयारी दर्शविली. त्यांना पुढील मार्गदर्शन कोणी करावयाचे, या प्रश्नातून या अभ्यासक्रमाचा जन्म झाला. म्हणजेच 'संकल्पानंतर काय?' हा प्रश्न अभ्यासक्रमाच्या मुळाशीच आहे. पंधरा पाठांच्या या अभ्यासक्रमात बायबल, इतिहास, संस्कृती व कार्यनीती अशा चार अंगांनी विषय मांडला जातो. १९७४ च्याच जुलै महिन्यात लोझान येथील परिषदेत विंटर यांनी, राष्ट्रांच्या सीमांऐवजी भाषा व संस्कृती यांनी बांधलेल्या जनसमूहांचा विचार करावा, अशी भूमिका मांडली.

या भूमिकेची एक पाळेमुळे आपल्या परिसराजवळ सापडतात. विंटर यांचे ज्येष्ठ सहकारी डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांचा जन्म १८९७ मध्ये दमोह येथे झाला. दमोह व चांदा हे दोन्ही जिल्हे तेव्हा मध्य प्रांताचेच घटक होते. मॅकगॅव्हरन यांनी छत्तीसगढ भागात दीर्घकाळ मिशनरी म्हणून काम केले आणि त्या अनुभवावर आधारित 'द ब्रिजेस ऑफ गॉड' हा ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध केला. माणसे एकेकटी नव्हे, तर नातेसंबंधांच्या जाळ्यातून निर्णय घेतात, हे त्यांचे प्रमुख निरीक्षण होते. समाजशास्त्राच्या दृष्टीने हे निरीक्षण मोलाचे आहे. परंतु त्यातून संख्यावाढीला अवाजवी महत्त्व मिळते व जातिजमातींच्या भिंती आहेत तशाच राहतात, अशी टीका ख्रिस्ती विचारवंतांनीही केली आहे. अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याने सिद्धान्ताबरोबर ही टीकाही सोबत न्यावी, हे इष्ट होय.

३. सहभागाचे पाच प्रकार

अभ्यासक्रमानंतरचा सहभाग म्हणजे घरदार सोडून जंगलात जाणे, असा एक समज आढळतो. तो अपुरा आहे. मिशनविषयक साहित्यात सामान्यतः सहभागाचे पाच प्रकार सांगितले जातात : स्वतः जाणे, जाणाऱ्यांना पाठबळ देणे, प्रार्थना करणे, आपल्याकडे आलेल्या परक्यांचे स्वागत करणे आणि इतरांना या विषयाची जाणीव करून देणे. या पाचांत श्रेष्ठ-कनिष्ठ भाव नाही. व्यक्तीचे वय, शिक्षण, कौटुंबिक जबाबदारी व आरोग्य यांनुसार योग्य प्रकार ठरतो.

आपल्या प्रदेशात चौथ्या प्रकाराकडे विशेष दुर्लक्ष झाले आहे. गडचिरोलीच्या दक्षिण व पूर्व भागातील अनेक मुले शिक्षणासाठी चंद्रपूर व नागपूर येथे येऊन राहतात. घरी माडिया बोलणाऱ्या मुलास शहरी मराठी व इंग्रजी या दोन्ही परभाषाच असतात. अशा विद्यार्थ्यास भाड्याची खोली मिळवून देणे, प्रवेशाचे अर्ज भरण्यास मदत करणे, सणाच्या दिवशी त्याला घरी जेवावयास बोलावणे, यासाठी कोणत्याही दूरच्या प्रवासाची गरज नाही. मात्र हे निमंत्रण निरपेक्ष असावे लागते. जेवणाच्या बदल्यात उपासनेस यावे, अशी अपेक्षा मनात असेल तर ते स्वागत राहत नाही, व्यवहार होतो.

दूर राहूनही भरीव काम होते, याचे मराठी भाषेच्या इतिहासातील उदाहरण उद्बोधक आहे. विल्यम केरी हे बंगालमधील श्रीरामपूर येथे राहत. महाराष्ट्रात त्यांनी कार्य केले नाही. तरीही वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण व १८१० मध्ये कोश प्रसिद्ध केला. मराठी मुद्रणाच्या आरंभकाळातील या कार्यात पंडितांचा वाटा मोठा होता. बाहेरून आलेला माणूस स्थानिक जाणत्यासमोर विद्यार्थी होऊन बसला, म्हणून हे काम घडले.

४. या प्रदेशातील मिशनकार्याचा पूर्वानुभव

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडमधील धर्मशास्त्राचे शिक्षण पूर्ण करून १८४५ मध्ये नागपूर येथे आले. त्यांनी शाळा सुरू केली, हे सर्वश्रुत आहे. पुढे त्यांच्या नावाने महाविद्यालयही उभे राहिले. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब वेगळी आहे. धर्मशास्त्राचा अभ्यासक्रम संपवून आलेल्या या माणसाने येथे नवा अभ्यासक्रम आरंभला. त्यांनी मराठी आत्मसात केली, या भूमीतील खडक व जीवाश्म यांचा सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह अभ्यास केला आणि गोंड समाजात गाइली जाणारी लिंगोची कथा प्रधान गायकाकडून ऐकून लिहून घेतली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळांची पाहणी करून बोरीकडे परतताना पाण्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केली. गोंडी मौखिक परंपरेच्या अभ्यासकांना आजही ही टिपणे वगळून पुढे जाता येत नाही. अर्थात हिस्लॉप हे त्यांच्या काळाचे अपत्य होते व त्यांच्या काही मतांशी आज सहमत होणे शक्य नाही. तरीही ज्या समाजात आपण आलो, त्याचे स्वतःचे म्हणणे आधी ऐकावे व नोंदवावे, हा त्यांचा धडा टिकून आहे.

चांदा येथे स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिशन चालविले. तेथे काम केलेले अलेक्झांडर वुड पुढे नागपूरचे बिशप झाले. स्वातंत्र्योत्तर काळात चित्र बदलले. १९६२ मध्ये केरळातील सिरो-मलबार कॅथलिक परंपरेकडे चांदा क्षेत्राची जबाबदारी आली आणि १९७७ मध्ये चांदा हा धर्मप्रांत झाला. म्हणजे पाठविणारा व जाणारा, दोघेही भारतीय झाले. तथापि भारतीय असणे म्हणजे स्थानिक असणे नव्हे. मल्याळम् बोलणाऱ्यास अथवा पुणेरी मराठी बोलणाऱ्यास माडिया तितकीच परकी असते. शेजारच्या यवतमाळ येथे १९५३ पासून तीन दशके युनियन बिब्लिकल सेमिनरी होती. १९८३ मध्ये ती पुण्यास गेली. प्रशिक्षणाची केंद्रे मोठ्या शहरांकडे सरकत जातात व कार्यक्षेत्र मागे राहते. हे अंतर भरून काढण्याची जबाबदारी अखेर विद्यार्थ्यावरच येते.

५. शेजारधर्माची उदाहरणे

ख्रिस्ती नसलेल्या, परंतु याच भूमीत प्रशिक्षणानंतरचा प्रश्न सोडविलेल्या कार्यांकडेही पाहणे आवश्यक आहे. बाबा आमटे यांनी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगविषयक अभ्यासक्रम केला आणि ते वरोऱ्यास परतले. त्यातून आनंदवन उभे राहिले. १९६७ पासून सोमनाथ येथे तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी भरू लागली. १९७३ मध्ये भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाची स्थापना झाली. तेथे गेलेल्या डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांच्याजवळ आरंभी माडिया लोक येत नसत. वैद्यकीय पदवी असूनही त्यांना आधी भाषा शिकावी लागली व विश्वास संपादन होईपर्यंत थांबावे लागले.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली व १९८६ मध्ये ते गडचिरोलीत आले. रुग्णालय कसे असावे, हे त्यांनी लोकांनाच विचारले. लोकांच्या सांगण्यानुसार ते आदिवासी वस्तीसारख्या झोपड्यांच्या घडणीचे झाले आणि त्याला दंतेश्वरी या त्यांच्या देवीचे नाव मिळाले. पुढे गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग झाला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तुलनेच्या गावांशी ताडून पाहता नवजात मृत्युदरात ६२ टक्क्यांनी घट झाली. सर्वांत शिकलेली व्यक्ती नव्हे, तर सर्वांत जवळ राहणारी व्यक्ती बाळाला वाचवू शकते, हा त्याचा मथितार्थ होय. २००६ मध्ये सुरू झालेल्या 'निर्माण' या युवा उपक्रमात शिबिरांमागोमाग प्रत्यक्ष कृतीवर भर दिला जातो. शिबिर व कृती यांची ही सांगड मिशन अभ्यासक्रमांच्या संयोजकांनीही अभ्यासण्याजोगी आहे.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने तर शिकण्याची व्यवस्थाच गावात निर्माण केली. तेथील अभ्यासगटात प्रश्नाचा सर्वांगांनी विचार होतो आणि ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीने होतो. वनहक्क कायद्याखाली या गावास २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बाहेरून 'जागृती' घेऊन जाणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की, जेथे तो जात आहे तेथील लोक आधीपासूनच विचार करीत आहेत.

६. कायदा व नीती

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २५ ने सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून धर्माचे पालन, आचरण व प्रचार करण्याचा हक्क सर्वांना दिला आहे. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, आपल्या धर्माची तत्त्वे मांडण्याचा हा हक्क आहे. दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात अंतर्भूत नाही. त्याआधी १९५४ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेश शासनाने निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कार्याची चौकशी करणारी समिती नेमली. चांदा जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता. समितीचा अहवाल १९५६ मध्ये, म्हणजे मॅकगॅव्हरन यांच्या ग्रंथानंतर अवघ्या वर्षाने प्रसिद्ध झाला. अहवालाच्या निःपक्षपातीपणाविषयी ख्रिस्ती समाजाने तीव्र आक्षेप घेतले. परंतु वैद्यकीय सेवेचा धर्मांतरासाठी थेट साधन म्हणून उपयोग होऊ नये, हा त्यातील मुद्दा आक्षेपांपलीकडे जाऊनही विचारार्ह ठरतो. रोग्याची गरज ही त्याची दुर्बलता असते. तिचा लाभ घेणे हे कोणत्याही धर्माच्या कसोटीवर उतरणार नाही.

याशिवाय अनुसूचित क्षेत्रांना लागू असलेला १९९६ चा पेसा कायदा व २००६ चा वनहक्क कायदा यांमुळे ग्रामसभा ही औपचारिकता राहिलेली नाही. गावात दीर्घकाळ काम करू इच्छिणाऱ्याने स्वतःची ओळख, संस्था व हेतू ग्रामसभेपुढे उघडपणे मांडणे आवश्यक आहे. हेतू धार्मिक असेल तर तो लपवून 'सर्वेक्षण' वा 'शिकवणी' या नावाने जाणे ही फसवणूक होय.

हा प्रश्न कागदी नाही. जानेवारी २०२५ मध्ये बस्तर जिल्ह्यातील एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या दफनास त्याच्याच गावात विरोध झाला. मृतदेह सुमारे तीन आठवडे शवागारात राहिला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. गावात दफन व्हावे की नाही यावर दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाला, व अखेर दूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत अंत्यविधी करण्याचा आदेश झाला. त्या मुलाला स्वतःच्या वडिलांना स्वतःच्या गावात माती देता आली नाही. श्रद्धेच्या स्वातंत्र्याचा हा संकोच चिंताजनक आहेच. त्याचबरोबर, बाहेरून येऊन चार दिवसांत परत जाणाऱ्या प्रत्येकाने स्वतःस विचारावे की, माझ्या भेटीनंतर गावात जे घडेल त्याचे मोल कोण देणार आहे? पाहुणा निघून जातो. पाणवठा, शेतीची सोबत व स्मशान यांचा प्रश्न मागे राहणाऱ्यांना भोगावा लागतो.

७. पहिल्या वर्षाचा आराखडा

उपरोक्त विवेचनाच्या आधारे अभ्यासक्रमानंतरच्या पहिल्या वर्षासाठी पुढील क्रम सुचविता येतो.

(अ) पहिले तीन महिने कोठेही न जाता आत्मपरीक्षण करावे. पाच प्रकारांपैकी कोणता आपल्याला साधेल, याचा निर्णय एकट्याने न घेता स्थानिक मंडळी, कुटुंबीय व अनुभवी मार्गदर्शक यांच्यासह घ्यावा. अभ्यासक्रमातील तीन-चार सोबत्यांनी महिन्यातून एकदा तरी एकत्र बसावे.

(आ) भाषेचा आरंभ लगेच करावा. २०११ च्या जनगणनेनुसार गोंडी भाषकांची संख्या २९ लाखांहून अधिक आहे, तरीही ती आठव्या अनुसूचीत नाही. शहरात शिकणाऱ्या गोंडी वा माडिया भाषक तरुणाकडून, त्याच्या वेळेचा योग्य मोबदला देऊन, भाषा शिकावी. त्यामुळे शिक्षक कोण व विद्यार्थी कोण, हे आपोआप स्पष्ट होते.

(इ) अनेक गावांना भेटी देण्यापेक्षा एखाद्या जबाबदार संस्थेत अथवा स्थानिक चर्चमध्ये किमान सहा महिने साधे काम करावे. हिशेब लिहिणे, औषधांची नोंद ठेवणे, वसतिगृहातील मुलांचा अभ्यास घेणे, ही कामे लहान दिसली तरी माणूस त्यांतच पारखला जातो. मलेरियाचा प्रादुर्भाव व पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा तुटणारा संपर्क यांसारख्या गोष्टी ध्यानात घेऊनच प्रवासाचे नियोजन करावे.

(ई) वर्गणी देणाऱ्यांनी व घेणाऱ्यांनी हिशेब उघडा ठेवावा. परवानगीविना लोकांची, विशेषतः मुलांची छायाचित्रे काढून ती निधिसंकलनासाठी वापरू नयेत. गरिबीचे प्रदर्शन मांडून मिळालेला पैसा त्या लोकांच्या प्रतिष्ठेतून वजा झालेला असतो.

(उ) वर्षअखेरीस एकच प्रश्न विचारावा : ज्यांच्यात मी राहिलो, त्यांना मी परत यावे असे वाटते काय? उत्तर नकारार्थी असेल तर ते प्रामाणिकपणे स्वीकारून पाठबळ, प्रार्थना वा स्वागत या अन्य मार्गांकडे वळावे. त्यात अपयश नाही.

८. समारोप

मिशन अभ्यासक्रम विद्यार्थ्यास जगाचा नकाशा दाखवितो. नकाशावर गडचिरोली हा हिरवा ठिपका असतो. प्रत्यक्षात तेथे इंद्रावती, पामुलगौतम व पर्लकोटा यांच्या काठी स्वतःची भाषा, देव, गाणी व न्यायनिवाड्याची रीत असलेली माणसे राहतात. हिस्लॉप यांनी लिंगोची कथा ऐकली, आमटे दांपत्य भाषा शिकत थांबले, बंग दांपत्याने रुग्णालयाचे रूप व नाव लोकांवर सोपविले. या तिन्ही उदाहरणांतील श्रद्धा वेगवेगळ्या आहेत, पण रीत एक आहे : शिकवावयास आलेला माणूस आधी शिकावयास बसला. ख्रिस्ती परंपरेतही गुरूने शिष्यांचे पाय धुतल्याची आठवण जपली जाते. अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याने सहभाग वाढवावा तो या रीतीने. त्यासाठी लागणारा काळ प्रमाणपत्रावर लिहिलेल्या काळाहून कितीतरी मोठा असतो, हे आरंभीच मान्य करणे ही त्या सहभागाची पहिली पायरी होय.